रुखमाची गादी आणि साहेबांचा आकडा

साहेब, तुम्ही अख्तरीचा हात कधी हातात घेतलाच नाही. नाडी पाहिली नाही, गळ्यावर बोटं ठेवली नाहीत, डोळ्यांत पाहिलं नाही. तुम्ही आकडा पाहिला. औषध आकड्याला दिलं, दम आकड्याला दिला, आणि आकडा जुमानत नाही म्हटल्यावर राग काढला बाईवर. तुमच्याकडं रोज शंभर बाया येतात, तुम्ही विसरला असाल. अख्तरी विसरली नाही.

वरोऱ्याच्या कापूस बाजारामागच्या गल्लीत नवाब पिंजाऱ्याचं दुकान आहे. दुकान कसलं, पुढं टिनाचं शेड आणि मागं दोन खोल्या. शेडमध्ये कापूस पिंजायचं मशीन. भिंतीला नवाबच्या बापाची जुनी धुनकी, हातानं कापूस पिंजायचं धनुष्य, टांगलेली, तिची तात केव्हाच तुटलेली. मशीन नवाब चालवायचा आणि गाद्या शिवायची अख्तरी. अंगानं भरलेली, हसरी, तोंडानं सैल बाई. मांडी घालून गादीवर बसली आणि दाभण हातात घेतलं की टाक्यांची ओळ अशी जायची, जशी कोणी सुतानं आखून दिली.

आणि तिला गाद्या वाचता यायच्या. जुनी गादी पुन्हा पिंजायला आली की खोळ उसवायच्या आधी ती तिच्यावर हात फिरवायची. कोण कोणत्या कुशीवर झोपतं, कोणाला घाम फार, कोणाचं नवऱ्याशी पटत नाही, सगळं तिला खड्ड्यांवरून कळायचं. गिऱ्हाइकाला टोमणा ठरलेला. "काऊन भाऊ, बाई माहेरी जाऊन बसली वाट्टे? एकाच अंगाले खड्डा हाय." माणूस लाजून पैसे कमी करायचं विसरून जायचा.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती. सन दोन हजार चारच्या पावसाळ्यानंतर दिवस राहिले. सासू हुरमतबीनं गल्लीत साखर वाटली आणि नवाब तिला तुमच्या दवाखान्यात घेऊन आला. तुम्ही रक्त तपासायला पाठवलं. हे चांगलंच केलं. पुढं जे केलं त्याचं काय?

"तुमचा थायरॉईड पार बंद पडलाय," तुम्ही म्हणालात.

"म्हंजे काय जी?"

"गळ्यात एक ग्रंथी असते. ती सुस्त झाली की मेंदू तिला हाका मारतो, काम कर म्हणून. जितकी सुस्ती तितक्या जास्त हाका. हा आकडा त्या हाकांचा. पाचच्या आत पाहिजे, तुमचा दीडशेच्या वर गेलाय."

"पण मले तर काईच होत नाई, साहेब. भूक लागते, झोप लागते, आज सकायी एक गादी शिवून आली मी."

"आता नाही होत, पुढं होईल. रोज उपाशीपोटी एक गोळी. चुकवली तर मूल मतिमंद निघेल. मग माझ्याकडं रडत यायचं नाही."

दीडशेचा आकडा खरा असता तर बाई सुजलेली असती. कातडी कोरडी, आवाज घोगरा, अंग गार पडलेलं, बसल्या जागी पेंगणारी. तुमच्या समोर बसली होती ती घामेजल्या कपाळाची, बाजारातून चालत आलेली, टवटवीत. हाका ऐकून ग्रंथी काम करते की नाही, हे पाहणारी दुसरी तपासणी त्याच रक्तावर होत होती. तुम्ही ती सांगितली नाही. एवढा मोठा आकडा आणि एवढी ठणठणीत बाई, हे एकमेकांशी कसं जुळतं, असा प्रश्न तुम्हाला पडायला हवा होता. पडला नाही.

गोळी सुरू झाली त्याच आठवड्यात श्रीहरी आला.

श्रीहरी चिमूर रस्त्यावरच्या जंगलाला टेकलेल्या गावचा. बैलगाडीत गादी घेऊन आला. गादी साध्या कापसाची नव्हती, सावरीच्या कापसाची होती. जंगलात सावरीची बोंडं फुटली की हा कापूस उडायला लागतो, गोळा करणाऱ्याच्या हातीसुद्धा धड लागत नाही. गादी त्याच्या बायकोची, रुखमाची. ऐन पावसात मलेरियाचा ताप डोक्यात चढून ती गेली होती.

"भाभी, नवी खोळ चढवून द्या," श्रीहरी म्हणाला. "पुढच्या हप्त्यात लग्न हाय. तिले गादी जुनी वाटली नाई पायजे."

"कोणाले?"

"नवीले."

"अन जुनीले?"

श्रीहरीनं खाली पाहत टोपी काढली आणि पुन्हा घातली.

नवाब कापूस आणायला हिंगणघाटला गेला होता. हुरमतबी आतून ओरडली, "दुल्हन, हात नको लावू. पोटुशी बाई मेलेल्याची गादी उसवत नाई. नवाबले येऊ दे."

"अम्मा, तुमचा लेक येऊन उसवते तवापावतो ह्याचं लगन होऊन जाईन," अख्तरी हसत म्हणाली आणि तिनं खोळीचा टाका कापला.

आत खड्डा होता, पण मधोमध नव्हता. गादीच्या अगदी काठाला, भिंतीकडच्या बाजूनं, गुडघे पोटाशी घेऊन झोपणाऱ्या बाईचा खड्डा. बाकी सगळी गादी कोरी, जणू कोणी पाय पसरलेच नाहीत. अख्तरीचं हसू थांबलं. कापसात एक लांब केस गुंडाळलेला निघाला. तो ओढायला गेली तशी वाऱ्याची झुळूक आली आणि सावरी उठली. पाहता पाहता शेड पांढरंफटक झालं. पापण्यांवर, ओठांवर, नाकात. अख्तरी खोकत बाहेर आली. हुरमतबी दारात उभी होती. तिनं पदर नाकाला लावला आणि मागं सरकली. तेच वाईट झालं. शिव्या घातल्या असत्या तर अख्तरीनं हसण्यावारी नेलं असतं.

पुढच्या महिन्यात अख्तरीच्या छातीत धुनकी सुरू झाली.

दुपारी जरा टेकायला जावं, कान उशीला लागावा, की आतून ताँय, ताँय. भिंतीवरची धुनकी मुकी, बिनतातीची, आणि इकडं छातीत कोणी न थांबता कापूस पिंजतंय. सुरुवातीला तिनं नवाबला विचारलं, "अजी, शेजारी कोणी पिंजून राह्यलं का?" तो म्हणाला, "आता हातानं कोण पिंजते?" मग तिनं विचारणं सोडून दिलं.

अंगातून वाफा निघायच्या. पौषाच्या थंडीत ती फरशीवर लोळायची. ताटभर जेवायची आणि बांगड्या कोपराकडं सरकायच्या. झोप उडाली. कधी चुकून डोळा लागला आणि दचकून उठली की दिसायचं, आपण भिंतीला चिकटून, गुडघे पोटाशी घेऊन पडलोय. ती अशी कधी झोपत नव्हती. ही झोपायची तऱ्हा कोणाची, ते तिला माहीत होतं.

सगळ्यात मोठी भीती तिला हातांची वाटली. दाभण धरलं की बोटं थरथरायची. टाक्यांची ओळ वाकडी जायची, उसवून पुन्हा घातली की पुन्हा वाकडी. राजुऱ्याच्या एका गिऱ्हाइकानं गादी परत आणली. "नवाबभाऊ, हे कोण्या नव्या माणसानं शिवली का?" नवाबनं खाली पाहिलं. अख्तरी पडद्याआड होती. आपले हात तिनं ओढणीत गुंडाळून घेतले, जणू ते दुसऱ्याचे होते.

"रुखमा शिरली," हुरमतबी म्हणाली. "नाकातून शिरली. मी पाह्यली."

फुंकणारा बाबा आणला. गळ्यात ताईत आला, उंबऱ्यात खिळा आला. मेलेल्याच्या गाद्या घेणं नवाबनं बंद केलं, आणि ते काम गेलं तसं अर्धं दुकान गेलं. घरात एकच गोष्ट भरवशाची उरली होती, ती म्हणजे तुमची गोळी. हुरमतबी पहाटे उठून स्वतः सुनेच्या जिभेवर गोळी ठेवायची, पाणी पाजायची आणि तोंड उघडून पाहायची. भूत बाहेरून येतं आणि दवा डॉक्टर देतो. दवेवर कोण शंका घेणार?

अख्तरी तुमच्याकडं आली तेव्हा आकडा तसाच होता. तुम्ही गोळी दुप्पट केली. पुन्हा आली, आकडा तसाच. पुन्हा वाढवली. ती म्हणाली, "साहेब, छातीत लय धडधड होते." तुम्ही म्हणालात, "पहिलं बाळंतपण आहे, घाबरट आहात." तुमच्या टेबलावर तिचा हात थरथरत होता. त्या हाताखालचा कागद थरथरत होता. तुम्ही कागद ओढून घेतला, कारण वाचता येत नव्हता.

सहाव्या महिन्यात दुखायला लागलं. मुलगा होता. रडलाच नाही.

तुम्ही कॉटजवळ आलात आणि नवाबला म्हणालात, "हिनं गोळ्या घेतल्या नाहीत. इतक्या डोसवर आकडा उतरत नाही म्हणजे काय? तुम्ही लोक ऐकत नाही आणि मग दवाखान्याचं नाव खराब करता."

"माह्या हातानं तिच्या तोंडात गोळी जाते, साहेब," हुरमतबी म्हणाली. "रोज."

"खोटं बोलू नका, आजी."

हुरमतबीनं आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं असेल, पण खोटी ठरवलेलं तिला सोसलं नाही; ती घरी आली आणि रागाची वाट तिनं दुसरीकडं काढून दिली. उंबऱ्यावर बसून तिनं रुखमाला शिव्या घातल्या, मग सुनेला. "मी सांगतलं होतं. हात नको लावू म्हणलं होतं. हसत होती तू. हसत हसत लेकरू खाल्लं."

डॉक्टर म्हणतो, गोळ्या न घेता मारलं. सासू म्हणते, गादी उसवून मारलं. कोणत्याही बाजूनं धरा, मारणारी अख्तरीच. रेल्वेपलीकडच्या कबरस्तानात नवाब ते बोचकं घेऊन गेला आणि परत येऊन मशीन चालू करून बसला. त्यात कापूस नव्हता. मशीन नुसतंच फिरत राहिलं.

अख्तरीच्या मनात एकच भरलं. रुखमाची गादी परत आणायची, उसवायची, रुखमाची माफी मागायची आणि कापूस जंगलात नेऊन सोडून द्यायचा. तिनं नवाबला न सांगता चिमूरची बस धरली.

श्रीहरी वावरात गेला होता. अंगणात त्याची नवी बायको मंगली मोहफुलं वाळत घालत होती. पोट चांगलं पुढं आलेलं, गाल वर आलेले, कातडीवर तेज.

"गादी? कायले?" मंगली हसायला लागली. "बाई, ते गादी मी देत नाई. माह्या मायच्या घरी फाटक्या गोधडीवर झोपली मी. ह्या गादीवर अशी झोप लागते का सासू उठवते तवा उठतो."

"तुले माहीत हाय का ते कोणाची होती?"

"रुखमाबाईची. मले पहिल्याच दिवशी शेजारणीनं सांगतलं." मंगलीनं मोहफुलांवरून हात फिरवला. "मी तिले म्हणलं, बाई, तू अर्ध्यात झोप, मी अर्ध्यात झोपतो. काई त्रास नाई बिचारीचा."

अख्तरीनं आत जाऊन गादीवर हात फिरवला. खड्डा मधोमध होता. चांगला पसरून झोपलेल्या बाईचा, हातपाय सैल सोडलेला. काठाकडचा जुना खड्डा बुजून गेला होता.

ती गादीच्या काठाला टेकली. जी बाई पाच-सहा महिने ह्या कापसावर निजते, त्याच कापसात श्वास घेते, तिचं पोट सुखरूप आणि गाल वर. आपण त्यावर एक दुपार हात ठेवला आणि आपलं सगळं गेलं. रुखमाला धरायचंच असतं तर तिनं सवतीला सोडून पिंजारणीला कशाला धरलं असतं? आणि मग तिला आठवलं. त्या आठवड्यात आपल्या घरात दोन नव्या गोष्टी आल्या होत्या. एक श्रीहरीनं आणली होती. दुसरी आपण तुमच्याकडून आणली होती.

मंगलीनं चहा आणला. अख्तरीचा कप बशीवर खडखड वाजत होता.

"बाई, तुमची तब्येत बरी नाई वाट्टे," मंगली म्हणाली. "ह्या गादीवर पडता का जराशा?"

दुसऱ्या पहाटेपासून अख्तरी गोळी जिभेखाली धरून ठेवायची आणि सासूची पाठ वळली की मोरीत थुंकायची. कोणाला सांगितलं नाही. पहिले काही दिवस काही फरक नव्हता. मग हळूहळू धुनकी दूर जायला लागली. आधी गल्लीच्या टोकाला, मग बाजारात, मग नाहीच. उन्हाळा संपेपर्यंत बांगड्या मनगटावर आल्या. एक दिवस तिनं गादीवर टाके घातले, उठून पाहिलं, आणि ओळ सरळ होती. ती पदर तोंडाशी धरून रडली. हुरमतबी म्हणाली, "ताईत लागू पडला." अख्तरी म्हणाली, "हो अम्मा."

पण सुटका झाली असं समजू नका. रुखमा गेली आणि तिच्या जागी तुम्ही आलात. पुन्हा दिवस राहिले, गोळी अजून मोरीतच जात होती, आणि तुमचे शब्द घरात फिरायला लागले. मतिमंद निघेल. चूल पेटवताना मागं उभे. पाणी भरताना हंड्यात. पोटात लेकरानं लाथ मारली की तिला वाटायचं, शहाण्या लेकराची लाथ अशीच असते का? भूत ताईतानं जातं असं म्हणतात. डॉक्टरच्या शब्दाला ताईत कुठून आणायचा?

मुलगी झाली, तुमच्याच दवाखान्यात. आफ्रीन. मोठ्यानं रडली, चटकन दूध प्याली, उजेडाकडं पाहायला लागली. तुम्ही आईच्या जुन्या कागदावरचा आकडा पाहून पोरीचं रक्त काढलं. आकडा आला. पुन्हा शंभराच्या वर.

"पाहिलं?" तुम्ही म्हणालात. "गोळ्या सोडल्या होत्या ना? आता हिच्यात उतरलं. दुधात कुस्करून आजच सुरू करा. उशीर केला तर मेंदू गेला म्हणून समजा."

घरी आल्यावर वाटीत दूध, दुधात कुस्करलेली गोळी. नवाब, हुरमतबी आणि अख्तरी तिघं वाटीभोवती बसली.

"पाज," नवाब म्हणाला.

"अन हिच्या छातीत ते सुरू झालं तं?"

"काय ते?"

मग तिनं सगळं सांगितलं. मोरी, थुंकलेल्या गोळ्या, मंगली. हुरमतबी भिंतीला टेकली. नवाबनं हात उगारला आणि तसाच खाली घेतला. "अन हे पोरगी वेडी निघाली तं?" त्यानं विचारलं. पाजलं तर एक लेकरू गेलं तसं हे जाईल, नाही पाजलं तर तिचं डोकं जाईल, आणि दोन्हीचा दोष आईला. वाटीत दूध गार झालं, त्यावर साय धरली.

"नागपूरले चाल," हुरमतबी म्हणाली. शिव्या देणारी तीच म्हातारी म्हणाली. "दुसऱ्या डॉक्टरले दाखव. आत्ताच चाल."

नागपूरची डॉक्टरीण उतारवयाची होती. तिनं कागद बाजूला ठेवले. आधी अख्तरीचा हात हातात घेतला. पालथा करून पाहिला, नाडी धरली, मागं उभं राहून गळा चाचपला, गुडघ्यावर छोटा हातोडा मारला. मग पोरीला उघडं करून तिचं पोट, जीभ, टाळू पाहिली. एवढं झाल्यावर कागद वाचले आणि म्हणाली, "ह्या कागदातली बाई आणि ही बाई एक नाहीत."

दुसरी तपासणी झाली. ग्रंथी दोघींची ठणठणीत, काम चोख. मग तिनं रक्तात एक औषध मिसळून जड गाळ खाली बसवायला लावला आणि वर उरलेल्यात आकडा पुन्हा मोजायला लावला. आकडा आला साधा. चार माणसांसारखा.

"मेंदूच्या त्या हाका आहेत ना, त्यांना तुझ्याच रक्तातला एक संरक्षणाचा कण चिकटून बसतो," डॉक्टरीण म्हणाली. "मोठा गोळा होतो. तो काही काम करत नाही आणि लवकर शरीराबाहेरही जात नाही. नुसता फिरतो. मशीन त्यालाही मोजतं. तुला आजार नाही, बाई. कधी नव्हता. कण तुझ्याकडून नाळेतून पोरीत गेले. काही महिन्यांत तिच्यातून आपोआप जातील. आपण लक्ष ठेवू. गोळी नको."

अख्तरीनं पोरीला छातीशी धरलं. मग तिनं विचारलं, "मंग त्या टायमाले माही छाती..."

"गोळीनं. निरोगी माणसाला इतकी दिली तर तेच होणार."

"अन माहा पोरगा?"

डॉक्टरणीनं कागद मिटले. "ते मला ठामपणे सांगता येणार नाही. आईची छाती अशी धावत असली की पोटातल्या जिवाला ते बरं नसतं, इतकं सांगू शकते."

दिवाळीपर्यंत आफ्रीनचा आकडा खाली आला. बसायला लागली, हाक मारली की वळून पाहायला लागली. घरात आता भीती नव्हती. पण हुरमतबी अजूनही सावरीचा कापूस दिसला की थुंकायची, आणि गल्लीतल्या बाया लहान लेकरं अख्तरीच्या मांडीवर द्यायला टाळायच्या. लेकरू खाल्लेली बाई. कोणी तोंडावर म्हणत नव्हतं. ती जवळ आली की लेकरू मात्र उचलून घ्यायच्या.

म्हणून अख्तरी तुमच्याकडं आली, साहेब. पोरीला कडेवर घेऊन, नंबर लावून, रांगेत बसून.

तुम्ही ओळखलं नाही. तिनं नाव सांगितलं, नागपूरचे कागद पुढं ठेवले. तुम्ही वरच्यावर चाळले.

"अच्छा. हे फार दुर्मिळ असतं," तुम्ही म्हणालात. "मशीननं जे दाखवलं त्यावर उपचार केला. आता मुलगी चांगली आहे ना? मग झालं."

"पोरगी चांगली हाय."

"मग काय हवंय? पैसे?"

"पैसे नाई पायजे."

"बाई, बाहेर पेशंट थांबलेत."

"मी पण बाहेरच थांबली होती," अख्तरी म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुम्ही माह्या सासूले खोटी म्हणलं, ते मी सोडून देतो. मले घाबरट म्हणलं, ते बी सोडून देतो. पण घरी एका मेलेल्या बाईले रोज शिव्या बसतात. तिनं कोणाचं काई केलं नाई. अन माह्या जवळ कोणी लेकरू देत नाई. मले फकत एक सांगा. माहा पोरगा गेला."

तुम्ही घंटी वाजवली. दारात पुढची बाई आली, पण हिला बसलेली पाहून उंबऱ्यातच थांबली. तिच्यामागं दुसरी आली. दोघी ऐकायला लागल्या.

"तो कोणापायी गेला, साहेब? रुखमापायी, माह्यापायी, का तुमच्यापायी? तिघांतलं एक नाव घ्या. ह्या बायांच्या समोर घ्या. मी उठत नाई. बोला."